परतीचा रोख

मळवली स्टेशनावर उतरलं की माणसांचे दोन ओघ होतात. एक उत्तरेला, एकवीरा आईच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांच्या डोंगराकडे. दुसरा दक्षिणेला, भाजे, विसापूर आणि लोहगडाकडे. हा दुसरा रस्ता धरून लोहगडाच्या माथ्यावर जा. हातात साधं होकायंत्र घ्या आणि समोर खोऱ्यापलीकडे दिसणाऱ्या कार्ल्याच्या डोंगरावर रोखा. आकडा येईल साधारण ३५५ अंश, म्हणजे जवळपास सरळ उत्तर. दुसऱ्या दिवशी कार्ल्याच्या लेण्यांपाशी उभं राहून लोहगडावर रोखलंत, तर आकडा येईल साधारण १७५. दोन्ही जागा त्याच, मधली आठेक किलोमीटरची हवाही तीच. बदलली ती फक्त आपली जागा, आणि आकड्यात बरोबर १८० अंशांचा फरक पडला.

एका ठिकाणाहून दुसरं ठिकाण कोणत्या कोनात आहे, ते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेल्या अंशांत सांगायचं, याला वैमानिक बेअरिंग म्हणतात. उत्तर ०००, पूर्व ०९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आकडा नेहमी तीन अंकी बोलायचा आणि एकेक अंक सुटा उच्चारायचा, म्हणजे खरखरत्या रेडिओवर ‘तीस’ आणि ‘तीनशे’ यांत घोळ होत नाही. उलट बेअरिंग काढायचं तर १८० मिळवायचे किंवा वजा करायचे. पण डोळ्यांसमोर ढग, कानांत रेडिओ आणि हातांत सुकाणू असताना १८० ची बेरीज-वजाबाकी सहज चुकते. म्हणून शिकाऊ वैमानिकाला एक युक्ती देतात. आकडा १८० पेक्षा मोठा असेल तर दोनशे वजा करून वीस मिळवा. लहान असेल तर दोनशे मिळवून वीस वजा करा. ३५५ मधून दोनशे गेले, १५५ उरले, वीस मिळवले, १७५ झाले. दोन्ही पायऱ्या सोप्या, म्हणून घाईतही डोकं साथ देतं.

हेच गणित विमानतळावर जमिनीवर रंगवलेलं असतं. पुण्याच्या लोहगावच्या धावपट्टीच्या एका टोकावर १० आणि दुसऱ्या टोकावर २८ लिहिलं आहे. शेवटचं शून्य गाळलेलं असतं, म्हणजे एका बाजूने उतरणारं विमान साधारण १०० अंशांकडे तोंड करून येतं, तर विरुद्ध बाजूने उतरणारं २८० अंशांकडे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या ०९-२७ आणि १४-३२. कुठल्याही धावपट्टीच्या दोन आकड्यांत १८ चा फरक असतोच. पट्टी एक, नावं दोन. कारण तिच्यावर येणाऱ्याची तोंडं दोन.

इथवर सगळं शाळेतल्या भूमितीसारखं सरळ आहे. अडचण सुरू होते ती होकायंत्रापासून. विमानाच्या समोरच्या काचेजवळ द्रवाने भरलेल्या छोट्या भांड्यात आकड्यांची चकती तरंगत असते. ती चकती उत्तर धरून स्थिर असते आणि विमान तिच्याभोवती फिरतं. आपण पाहतो ती चकतीची आपल्याकडची बाजू. त्यामुळे विमान उत्तरेकडे तोंड करून असताना ३० चा आकडा, जो खरं तर उजवीकडे वळल्यावर यायला हवा, तो डावीकडे दिसतो. नवशिका आकड्याच्या दिशेने वळतो आणि नेमका उलटा जातो. ही चूक बुद्धीची नाही, डोळ्यांच्या सवयीची आहे, आणि सरावानेच ती जाते.

शिवाय सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. नकाशावरची खरी उत्तर वेगळी असते. या बाबतीत आपण मावळातले लोक नशीबवान आहोत, कारण आपल्या भागात या दोन उत्तरांतलं अंतर एका अंशापेक्षाही कमी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला हाच फरक वीस अंशांच्या आसपास भरतो. तिथे नकाशावरचा आकडा जसाच्या तसा होकायंत्रावर धरला, तर साठ किलोमीटर उडल्यावर माणूस वीसेक किलोमीटर बाजूला गेलेला असेल. आणि हा फरक कायमचा ठरलेलाही नसतो. पृथ्वीचं चुंबकत्व हळूहळू सरकतं, त्यामुळे धावपट्ट्यांचे आकडेसुद्धा अधूनमधून पुसून नवे रंगवावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५-२३ ही धावपट्टी २००९ मध्ये ०४-२२ झाली. पट्टी जागची हलली नव्हती.

हे सरकणं मोजणाऱ्या जगातल्या जुन्या ठिकाणांपैकी एक आपल्या अगदी जवळ आहे. मळवलीपासून सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटरवर, अलिबागला. आधी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने सुई हलते, मग नोंद पृथ्वीची की ट्रामची हे कसं कळणार? तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून दोन मालिका जोडून घेतल्या. नोंदीचा धागा तुटू नये यासाठी घेतलेले ते कष्ट पाहिले की मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आज ते काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते, आणि संस्थेचं मुख्यालय नवी मुंबईत पनवेलला आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती वाऱ्याची आहे.

पुणे विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती साधारण १२४ किलोमीटर भरते आणि तिचा कोन २९७ अंश येतो. ही रेघ कार्ल्याच्या डोंगरावरून, लेण्यांच्या थोड्या उत्तरेकडून जाते. प्रवासी विमानांच्या वाटा नियंत्रण कक्ष ठरवतो, त्या अशा सरळ नसतात. पण हिशेबासाठी ही रेघ उत्तम. परतीची रेघ अर्थातच ११७.

समजा, ताशी १८० किलोमीटर वेगाचं एक छोटं विमान लोहगावहून निघालं आणि पश्चिमेचा ताशी ३६ किलोमीटरचा वारा आहे. इथे एक सवय आधी लावून घ्यायला हवी. विमान कुठे चाललंय ते ‘कडे’ने सांगतात, वारा मात्र ‘कडून’ने. २७० चा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, म्हणजे विमानाला पूर्वेकडे ढकलणारा. आपल्या बोलीतला ‘पश्चिमेचा वारा’ही हेच सांगतो. वैमानिकाने नाक २९७ वर धरलं तर डावीकडून येणारा वारा त्याला उजवीकडे लोटेल आणि तो मुंबईच्या उत्तरेला पोचेल. म्हणून तो नाक वाऱ्याच्या बाजूला, डावीकडे पाच अंश वळवतो आणि २९२ वर रोख धरतो. विमान थोडं तिरकं होऊन, पण नेमक्या रेघेवरून जातं. नदी ओलांडणारा नावाडी पैलतीरावरच्या घाटाच्या थोडं वरच्या बाजूला नाव का रोखतो, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. वारा बराचसा समोरून असल्यामुळे जमिनीवरचा वेग ताशी १४७ किलोमीटर राहतो. प्रवासाला पन्नासेक मिनिटं लागतात.

आता परत यायचं. जाताना २९२ वर रोख होता, मग उलट ११२, असं म्हणून वैमानिक निघाला तर?

वारा उलटलेला नाही. तो अजून पश्चिमेकडूनच येतो आहे. ११७ च्या वाटेवर तो आता मागून आणि उजवीकडून लागतो. म्हणजे आता नाक उजवीकडे पाच अंश वळवायला हवं, १२२ वर. ११२ आणि १२२ यांत दहा अंशांची तफावत आहे. जातानाची दुरुस्ती एका बाजूला होती, येतानाची दुसऱ्या बाजूला हवी होती. ती न करता आकडा नुसता फिरवला, तर चूक दुप्पट होते. हिशेब करून पाहिला तर ११२ चा रोख धरलेलं विमान वाऱ्याने ढकलत ढकलत चाकणवरून जातं, आणि लोहगाव त्याच्या उजव्या हाताला अठरा-एकोणीस किलोमीटर दूर राहतं. स्वच्छ दिवशी हे चालून जाईल. चाकणचे कारखाने, रस्ता, नदी, काहीतरी ओळखीचं दिसेल. ढगांच्या वर किंवा रात्री तसं दिसत नाही.

म्हणून मी म्हणेन, शिकताना दोन शब्द घट्ट वेगळे ठेवावेत. वाट म्हणजे जमिनीवरची रेघ. रोख म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा. परतीला वाट उलटते, रोख उलटत नाही. तो नव्याने काढावा लागतो. पुष्कळ पुस्तकं १८० चा नियम पहिल्या पानावर सांगतात आणि वारा तिसऱ्या प्रकरणात आणतात. माझ्या मते दोन्ही एकाच दमात सांगायला हवेत.

आणि वेळही उलटून तीच येत नाही. जाताना पन्नास मिनिटं लागली होती, तर येताना वाऱ्याच्या मदतीने पस्तीस मिनिटांत पुणं. इथे मागचा वारा परतीला लाभला. उलट झालं असतं, मागचा वारा जाताना आणि समोरचा वारा येताना, तर अर्धं इंधन संपेपर्यंत पुढे जायचं आणि मग मागे फिरायचं हा हिशेब माणसाला घरापर्यंत पोचवत नाही.

हे सगळ्यांत उघड दिसतं ते मळवलीच्या पुढच्याच स्टेशनाजवळ. कामशेतच्या आसपास टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग चालतं. पावसाळा सोडला तर इथे रंगीत पंख हवेत दिसतात. पॅराग्लायडरला इंजिन नाही. हवेतला त्याचा नेहमीचा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास. समजा, २५ चा वारा आहे आणि कुणी वाऱ्याबरोबर पाच किलोमीटर निघून गेला. जाताना जमिनीवरचा वेग ३६ अधिक २५, म्हणजे ६१. पाच मिनिटांत तो तिथे पोचला. आता परत फिरला, तर ३६ वजा २५, म्हणजे ११. तेच पाच किलोमीटर यायला सत्तावीस मिनिटं. या सगळ्या वेळात तो खालीही येत असतो, शांत हवेत सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. सत्तावीस मिनिटांत दोन हजार मीटर. लोहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १०३३ मीटर आहे. त्याच्या जवळपास दुप्पट उंची परतीला हवी. वर नेणारा हवेचा झोत मिळाला नाही, तर परतीचं बेअरिंग अचूक माहीत असूनही परत येणं शक्य नाही. म्हणून उतरायच्या शेतापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं, ही पहिल्या दिवसापासूनची शिकवण असते.

मागे वळणं म्हणजे तरी काय? चालणारा माणूस टाचेवर गर्रकन फिरतो. विमानाला ते येत नाही. नेहमीचं सावकाश वळण सेकंदाला तीन अंशांचं. म्हणजे १८० अंश फिरायला एक मिनिट. ताशी १८० च्या वेगाने त्या मिनिटात विमान तीन किलोमीटरचं अर्धवर्तुळ कापतं आणि वळून झाल्यावर मूळ रेघेपासून जवळपास दोन किलोमीटर बाजूला असतं. तोंड परतीकडे आहे, पण विमान परतीच्या रेघेवर नाही, तिला समांतर आहे. उड्डाण करताच इंजिन बंद पडलं तर मागे धावपट्टीकडे वळू नको, समोरच जागा बघ, असं वैमानिकाला बजावतात, त्यामागे हीच भूमिती आहे. तेवढ्या उंचीत ते वळण पुरं होत नाही.

‘कडे’ आणि ‘कडून’ यांचा घोळ रेडिओमध्येही आहे. विमानतळाजवळ व्हीओआर नावाचं एक केंद्र असतं. दीपस्तंभासारखं, पण प्रकाशाऐवजी रेडिओलहरी सोडणारं. त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या ३६० रेघा बाहेर निघतात अशी कल्पना करा. प्रत्येक रेघ म्हणजे एक रेडियल, आणि तिचा आकडा नेहमी केंद्राकडून बाहेर मोजलेला. कार्ल्यावरचं विमान पुण्याच्या केंद्रापासून २९७ च्या रेडियलवर आहे. ते मुंबईला चाललेलं असो की पुण्याला येणारं, रेडियल तोच. पण पुण्याला जायचं असेल तर वाट धरायची ११७ ची. जुन्या बिनतारी संदेशांच्या काळापासून यासाठी दोन लघुसंकेत आहेत. क्यूडीआर म्हणजे केंद्राकडून तुझ्याकडे येणारं चुंबकीय बेअरिंग, क्यूडीएम म्हणजे तुझ्याकडून केंद्राकडे जाणारं. दोघांत १८० चा फरक. वाट चुकलेल्या वैमानिकाने कक्षाकडे मागायचं ते क्यूडीएम. त्याला आपण कुठे आहोत हे माहीत नसलं, तरी कुठे जायचं ते त्या एका आकड्यात मिळतं. वारा मात्र त्याने स्वतः मिळवायचा.

पण बेअरिंग फक्त रेघ देतं, रेघेवरची जागा देत नाही. ही गोष्ट किती महागात पडू शकते याची खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. ६-७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री सिडनीहून रोमला निघालेलं अलिटालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला उतरायला येत होतं. ऐन पावसाळा, अंधार. आपण मुंबईच्या खरोखर होतो त्यापेक्षा अधिक जवळ आलो आहोत, असा चालकांचा समज झाला आणि त्यांनी विमान लवकर खाली आणायला सुरुवात केली. खाली सह्याद्री होता. जुन्नर भागातल्या दावंड्याच्या डोंगरावर ते आदळलं आणि विमानातले सगळे ९४ जण गेले. चौकशीत जो दोष निघाला तो दिशामार्गाच्या हिशेबातला होता. सरळ धावपट्टीकडे चाललोय हे माहीत असणं पुरेसं नव्हतं. किती अंतर उरलंय हे कळायला हवं होतं.

अंतर कळायला दुसरी रेघ लागते, पहिलीला छेदणारी. हे लोहगडावर स्वतः करून पाहता येतं, आणि आता पुन्हा तिथेच जाऊ. माथ्यावरून पवना धरणापलीकडे तिकोना दिसतो, तुंग दिसतो. आपण कुठे उभे आहोत हे विसरून जा. समजा, तिकोना १५५ वर दिसला. नकाशावर तिकोन्यापासून उलट, म्हणजे ३३५ ची रेघ ओढा. आपण या रेघेवर कुठेतरी आहोत. तुंग २०० वर दिसला, तर तुंगापासून ०२० ची रेघ ओढा. दोन रेघा जिथे छेदतील तिथे आपण. इथे १८० चा नियम निखळ लागू पडतो, कारण प्रकाशाला वारा ढकलत नाही.

हे करताना एक काळजी घ्या. लोहगडाचा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. त्यात लोहाची खनिजं आहेत, आणि लाव्हा थिजताना त्या वेळची पृथ्वीची चुंबकीय दिशा त्यात कायमची मुद्रित झाली आहे. आपल्या घाटातले बरेचसे थर थिजले तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट होतं. आजचं होकायंत्र त्या काळी नेलं असतं, तर सुईचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. शिवाय माथ्यावरच्या ज्या खडकांवर वीज पडते, त्यांचं चुंबकत्व आणखी विस्कटतं. त्यामुळे होकायंत्र खडकावर टेकवून वाचू नका. उभं राहून, छातीच्या उंचीवर, आडवं धरून वाचा. मोबाइल आणि त्याचं चुंबकी झाकण दूर ठेवा. एक वाचन घेऊन चार पावलं बाजूला व्हा आणि पुन्हा घ्या. दोन आकडे जुळले तरच ते कागदावर लिहा, आणि शेजारी ‘कडे’ की ‘कडून’ तेही लिहून ठेवा.